श्राव्यातीत ध्वनी आणि उंदराचा मेंदू : एका प्रयोगाची फेरतपासणी

प्रस्तावना

वऱ्हाडातील महाविद्यालयांमध्ये श्राव्यातीत ध्वनी हा विषय नवा नाही. अमरावती आणि अकोला येथील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांच्या प्रयोगशाळांत दोन मेगाहर्ट्झचा इंटरफेरोमीटर हे उपकरण वर्षानुवर्षे वापरात आहे. द्रवामधील ध्वनीचा वेग मोजावयाचा, घनतेवरून संपीड्यता काढावयाची आणि त्यावरून रेणूंमधील परस्परक्रियांविषयी अनुमान करावयाचे, या पद्धतीच्या कार्यावर आपल्या विद्यापीठात एम.फिल. आणि पीएच.डी.चे कितीतरी प्रबंध सादर झाले आहेत. सर्वसामान्य माणसाला हाच ध्वनी 'सोनोग्राफी' या नावाने परिचित आहे. प्रसूतीपूर्व लिंगनिदानासाठी त्याचा दुरुपयोग झाला आणि अशा लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली, केंद्र शासनापूर्वी, कायदा केला हेही सर्वज्ञात आहे.

या दोन्ही उपयोगांत ध्वनीचे काम पाहण्याचे किंवा मोजण्याचे असते. ज्या पदार्थातून तो जातो त्यात काही बदल घडवावा अशी अपेक्षा नसते. गेल्या दोन दशकांत मात्र हाच ध्वनी कवटीबाहेरून एका ठिकाणी केंद्रित करून मेंदूतील चेतापेशी उद्दीपित करता येतात काय, असा प्रश्न पुढे आला आणि त्याचे उत्तर प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतून शोधले गेले. प्रस्तुत लेखात या प्रयोगांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातही, एक प्रसिद्ध निष्कर्ष आठ वर्षांनी संशयाच्या भोवऱ्यात कसा सापडला आणि त्यातून तो कितपत बाहेर आला, या भागावर विशेष भर दिला आहे.

ध्वनी केंद्रित होतो म्हणजे काय

मेंदूला बाहेरून चेतना देण्याचे इतर मार्ग उपलब्ध आहेत. विद्युत्‌अग्र मेंदूत खोलवर बसविले तर अचूकता मिळते, परंतु त्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागते. चुंबकीय स्पंदांनी छिद्राशिवाय काम होते, परंतु त्यांचा प्रभाव मुख्यतः मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो व तो विस्तृत क्षेत्रावर पसरतो. शस्त्रक्रिया न करता खोल भागातील लहानसे क्षेत्र गाठावयाचे, ही अडचण उरतेच. कंपवात, अपस्मार, तीव्र नैराश्य अशा विकारांचा विचार करता ही अडचण केवळ सैद्धांतिक नाही.

ध्वनितरंग येथे उपयुक्त ठरतात, कारण ते मऊ ऊतींमधून फारसे क्षीण न होता प्रवास करतात आणि बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकत्र यावेत तसे अंतर्वक्र ट्रान्सड्यूसरच्या साहाय्याने एका बिंदूजवळ एकत्र आणता येतात. वाटेतील ऊतींवर तीव्रता कमी राहते आणि नाभीजवळ ती वाढते. मात्र हा 'बिंदू' भूमितीतील बिंदू नव्हे. विवर्तनामुळे तो तरंगलांबीच्या मानाने लहान होऊ शकत नाही. ऊतींमधील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धरला, तर अर्ध्या मेगाहर्ट्झला तरंगलांबी तीन मिलिमीटर येते. उंदराच्या मेंदूची रुंदी जेमतेम दहा मिलिमीटर असते. म्हणजे आपण ज्याला अचूक लक्ष्य म्हणतो ते उंदराच्या बाबतीत मेंदूच्या रुंदीच्या जवळजवळ तृतीयांश होते.

मग वारंवारता का वाढवू नये? पाच मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.३ मिलिमीटर होईल हे खरे. परंतु वारंवारतेबरोबर हाडातील शोषणही वाढते. हाडाचा ध्वनिक संरोध मऊ ऊतींच्या कितीतरी पट असल्याने बराचसा ध्वनी पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो आणि जो आत शिरतो त्याचाही मोठा अंश उष्णतेत रूपांतरित होतो. उंदराची कवटी कागदासारखी पातळ, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. मनुष्याची कवटी अनेक मिलिमीटर जाड, आणि तीही सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे उंदरावर जे सहज घडते ते मनुष्यावर घडेलच असे नाही. हवेची अडचण तर याहून मोठी. त्वचा आणि ट्रान्सड्यूसर यांत हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी आत जात नाही. सोनोग्राफीपूर्वी पोटावर थंड जेल लावतात त्याचे कारण हेच, आणि उंदराच्या डोक्यावरील केस काढून तेथे जेल लावतात त्याचेही कारण हेच.

पूर्वेतिहास

ध्वनीने ऊती उद्दीपित होतात हे निरीक्षण जुने आहे. १९२९ साली एडमंड न्यूटन हार्वे यांनी बेडूक व कासव यांच्या स्नायूंवर उच्च वारंवारतेच्या ध्वनीचा परिणाम नोंदविला. भारतात त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९३५-३६ मध्ये, चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी श्राव्यातीत तरंगांनी होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धांत मांडला. आपल्या एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातील श्राव्यातीत ग्रेटिंगचा प्रयोग त्याच घराण्यातला. परंतु आपल्याकडील अभ्यास द्रव पदार्थांकडे वळला, जैविक ऊतींकडे नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी १९५० च्या दशकात मेंदूवर केंद्रित ध्वनीचे प्रयोग केले. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात मांजराच्या मेंदूतील दृष्टिमार्गावरील एका केंद्रावर ध्वनी सोडला असता, डोळ्यावर प्रकाश पाडल्याने उमटणारा विद्युत्‌प्रतिसाद दबला आणि काही काळाने पूर्ववत झाला, असे नमूद केले आहे. 'पूर्ववत झाला' हे दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. तोवर तीव्र ध्वनीने ऊती नष्ट करता येते एवढेच ठाऊक होते. नष्ट न करता तिचे कार्य तात्पुरते बदलता येते, हे त्यातून दिसले. तीव्र ध्वनीने ऊती नष्ट करण्याचा मार्गही पुढे बंद पडला नाही. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली मेंदूतील एक लहानसे केंद्र उष्णतेने निकामी करून हातांचा असाध्य कंप कमी करण्याच्या उपचाराला २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कमी तीव्रतेचा, उद्दीपन करणारा ध्वनी हा आहे.

उंदरावरील प्रयोग

या विषयाला आधुनिक चालना मिळाली ती ॲरिझोना राज्य विद्यापीठातील विल्यम टायलर यांच्या प्रयोगशाळेतून. २००८ साली त्यांच्या गटाने उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे काप पोषक द्रवात जिवंत ठेवून त्यांवर कमी तीव्रतेचा ध्वनी सोडला आणि चेतापेशींतील सोडियम व कॅल्शियमचे आयनमार्ग उघडल्याचे दाखविले. २०१० साली त्याच गटाने सजीव उंदरावरील प्रयोग प्रसिद्ध केला. हलक्या भुलीतील उंदराच्या कवटीवरून, प्रमस्तिष्काच्या ज्या भागातून हालचालींचे नियंत्रण होते त्या भागावर, पाव ते अर्धा मेगाहर्ट्झचे ध्वनिस्पंद सोडण्यात आले. परिणामी पंजा हलला, शेपटी हलली. स्नायूंतील विद्युत्‌संकेतही नोंदविले गेले.

ध्वनीची सरासरी तीव्रता सोनोग्राफीसाठी अमेरिकेत मान्य असलेल्या प्रति चौरस सेंटिमीटर ७२० मिलिवॅट या मर्यादेच्या बरीच खाली होती, त्यामुळे उष्णतेने परिणाम घडला असे म्हणता येत नव्हते. चेतापेशींचे सोडियम आयनमार्ग बंद करणारे टेट्रोडोटॉक्सिन हे द्रव्य त्या भागावर लावले असता प्रतिसाद मावळला. यावरून हा परिणाम चेतापेशींमार्फतच होतो हे दिसले. ध्वनी थेट त्याच पेशींवर क्रिया करतो, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही. चेतना अन्य मार्गाने येऊन त्या भागापर्यंत पोहोचली असती, तरी तो भाग सुन्न केल्यावर पंजा हललाच नसता. हा बारकावा त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा.

पुढे २०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने हा प्रयोग पुन्हा करून तीव्रता, कालावधी आणि भुलीची खोली यांवर प्रतिसादाचे प्रमाण कसे अवलंबून असते ते मांडले. २०१४ साली अन्य एका गटाने मनुष्याच्या स्पर्शसंवेदी भागावर केंद्रित ध्वनीचा परिणाम प्रसिद्ध केला. विषयाने जोर धरला.

मेंदूने जाणले की कानाने ऐकले?

२०१८ साली एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील मिखाईल शापिरो व डॉरिस त्साओ यांच्या गटाचा, उंदरांवरील. दुसरा मिनेसोटा विद्यापीठातील ह्यूबर्ट लिम यांच्या गटाचा, गिनीपिगवरील. दोन्हींचा रोख एकच होता : प्राण्याने हा ध्वनी ऐकला असावा.

प्रथमदर्शनी ही शंका चमत्कारिक वाटते. मनुष्य वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. उंदीर त्याहून बराच पुढे, सुमारे शंभर किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्याची पिल्ले आईला श्राव्यातीत आवाजातच साद घालतात. तथापि अर्धा मेगाहर्ट्झ म्हणजे पाचशे किलोहर्ट्झ. उंदराच्याही श्रवणमर्यादेच्या तो पाचपट वर आहे. मग उंदीर ऐकणार काय?

उत्तर स्पंदांच्या मांडणीत दडलेले आहे. प्रयोगातील ध्वनी अखंड नसतो. तो सेकंदाला सुमारे बाराशे ते तीन हजार वेळा चालू-बंद होतो. दारावर हात टेकवून ठेवला तर आवाज होत नाही. तोच हात भराभर टेकवला-उचलला तर थापांचा आवाज होतो. ध्वनितरंग ऊतीवर किंचित दाब देतो. तरंग चालू-बंद होतो तसा हा दाबही पडतो आणि उठतो, म्हणून ऊती आणि हाड सेकंदाला हजार-दोन हजार वेळा थरथरतात. ही थरथर मात्र पूर्णतः श्राव्य मर्यादेतील आहे. शिवाय प्रत्येक स्पंदाची सुरुवात व शेवट अकस्मात असल्याने त्यांत अनेक वारंवारतांचे घटक मिसळलेले असतात. कवटीच्या हाडातून हे कंपन कर्णावर्तापर्यंत सहज पोहोचते. हवेतून ध्वनी ऐकू येण्याची तेथे गरजच उरत नाही.

शापिरो-त्साओ गटाने ज्यांच्या चेतापेशी सक्रिय होताच प्रकाशमान होतात असे, जनुकीय बदल केलेले उंदीर वापरले. त्यामुळे मेंदूच्या पृष्ठभागावर सक्रियता कोठे उमटते आणि कोठे पसरते हे प्रत्यक्ष पाहता आले. ध्वनी दृष्टीच्या भागावर रोखलेला असताना सक्रियता श्रवणाच्या भागात ठळक दिसली आणि तेथून ती इतरत्र पसरली. साधा, कानांना ऐकू येणारा आवाज दिला असता उमटणारे चित्र याच्याशी मिळतेजुळते होते. रसायनाने उंदीर बहिरे केले तेव्हा पंजाची हालचालही कमी झाली. लिम यांच्या गटाने गिनीपिगमध्ये श्रवणचेता तोडल्या किंवा कर्णावर्तातील द्रव काढून टाकला, आणि मेंदूतील तो प्रतिसाद नाहीसा झाला.

याचा अर्थ पंजा हलला तो मेंदूचे योग्य केंद्र दाबले गेले म्हणून नव्हे, तर कानात अचानक आवाज झाल्याने उंदीर दचकला म्हणून, अशी शक्यता उभी राहिली. दचकणाऱ्या प्राण्याचा पंजा हलतोच. आठ वर्षे ज्या निरीक्षणावर अनेक गटांनी पुढचे काम रचले, त्याच्या पायाखालची माती सरकली.

येथे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या एम.फिल.च्या काळातील एक प्रसंग आठवतो. (एम.फिल. ही पदवीच २०२२ च्या विनियमांनी बंद झाली, हा भाग निराळा.) एप्रिल महिना होता, भारनियमन चालू होते आणि स्थिरतापी जलकुंड निम्मा वेळ बंद असे. जलीय द्रावणाची संहती वाढवीत नेली तसा ध्वनीचा वेग छान एका रेषेत वाढत गेला, आलेख देखणा आला. मार्गदर्शक सरांनी तो पाहून एवढेच विचारले, "वाचने कोणत्या क्रमाने घेतली?" सर्वांत विरल द्रावण सकाळी, सर्वांत संहत द्रावण दुपारी तीनला. "आता उलट क्रमाने घ्या," सर म्हणाले. घेतली, आणि रेषेचा चढ जवळजवळ निम्मा झाला. पाण्यातील ध्वनीचा वेग २५ अंशांच्या आसपास प्रत्येक अंशाला सेकंदामागे अडीच-तीन मीटरने वाढतो. माझ्या आलेखातील अर्धा भाग अकोल्याच्या दुपारचा होता. वाचन एकही चुकीचे नव्हते. चूक होती ती वाढ कशामुळे झाली हे गृहीत धरण्यात.

टायलर यांच्या उंदराचा पंजाही खरोखरच हलला होता.

बहिऱ्या उंदरांची साक्ष

शंका उपस्थित झाली म्हणजे मूळ कल्पना खोटी ठरली असे नाही. २०१९ साली स्टॅनफर्ड येथील गटाने जन्मतःच बहिऱ्या, जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर प्रयोग केला. त्यांच्यातही ध्वनीने हालचाल घडून आली. त्याच गटाने दुसरी गोष्ट केली ती अधिक उद्‌बोधक आहे. स्पंदाची सुरुवात व शेवट अकस्मात न ठेवता त्यांनी ध्वनी हळूहळू वाढविला आणि हळूहळू कमी केला, म्हणजे हात दारावर अलगद टेकवला आणि अलगद उचलला. ऐकणाऱ्या उंदरांतील श्रवणमार्गाचा प्रतिसाद त्यामुळे नाहीसा झाला, हालचाल मात्र होत राहिली. श्रवणाचा परिणाम आणि थेट परिणाम असे दोन्ही अस्तित्वात असू शकतात आणि त्यांना वेगळे करता येते, असा याचा अर्थ होतो.

मग चेतापेशी ध्वनीचा दाब जाणते तरी कशी? या प्रश्नावर सर्वांत नेटके काम शापिरो यांच्याच प्रयोगशाळेतून २०२२ साली प्रसिद्ध झाले, हे विशेष. ज्यांनी शंका काढली त्यांनीच पेशींकडे मोर्चा वळविला. उंदराच्या प्रमस्तिष्कातील चेतापेशी शरीराबाहेर तबकडीत वाढविल्या. तेथे ना कान, ना कवटी. केंद्रित ध्वनी सोडताच पेशींत कॅल्शियम वाढले. उष्णता आणि बुडबुडे निर्माण होणे या शक्यता एकेक करून वगळल्या गेल्या. अखेर असे दिसले की, दाबाला संवेदनशील असलेले काही आयनमार्ग प्रथम उघडतात, त्यांतून शिरलेल्या कॅल्शियममुळे दुसरा एक आयनमार्ग उघडून संकेत वाढवितो, आणि त्यानंतर विद्युत्‌दाबावर चालणारे कॅल्शियममार्ग कामाला लागून पेशी उद्दीपित होते. स्पर्श व दाब जाणणारे 'पिएझो' हे आयनमार्ग २०१० साली शोधून काढणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, हे वाचकांना स्मरत असेलच. पेशी दाब 'ओळखतात' ही कल्पना त्यामुळे आता अपरिचित राहिलेली नाही.

२०२३ सालच्या एका प्रयोगाचा येथे ओझरता उल्लेख करतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हाँग चेन यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतील, शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या भागावर ध्वनी रोखला. उंदराचे तापमान सुमारे तीन अंशांनी उतरले, हृदयाची गती मंदावली, आणि ध्वनी पुन्हा पुन्हा देऊन ही सुप्तावस्थेसारखी स्थिती चोवीस तासांहून अधिक काळ टिकविता आली. केवळ दचकण्याने असे घडेल हे संभवत नाही. आवाजाने दचकलेल्या प्राण्याचे हृदय मंदावत नाही, ते धडधडू लागते. माझ्या मते, थेट परिणामाच्या बाजूने हा पुरावा पंजाच्या हालचालीपेक्षा वजनदार आहे.

मनुष्यावरील प्रयोगांतही आता कानाचा विचार टाळता येत नाही. अनेक ठिकाणी स्वयंसेवकाच्या कानांत मुद्दाम तसाच आवाज ऐकविला जातो, जेणेकरून खरा ध्वनी केव्हा सुटला हे त्याला कळू नये. एखाद्या कंपवाताच्या रुग्णाला उपचारानंतर बरे वाटले, तर ते मेंदूतील केंद्रामुळे की डोक्यात टकटक ऐकू आल्याने निर्माण झालेल्या विश्वासामुळे, हे ठरविण्यासाठी दुसरा उपाय नाही.

वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या दृष्टीने

आपल्या महाविद्यालयांतून असे काम व्हावे काय, असा प्रश्न चर्चेत नेहमी विचारला जातो. सजीव उंदरांवरील प्रयोग सर्वसाधारण पदवी महाविद्यालयात शक्य नाहीत आणि ते व्हावेत असेही लेखकाचे म्हणणे नाही. १९६० च्या कायद्याखालील केंद्रीय समितीकडे संस्थेची नोंदणी, प्राणिगृह आणि संस्थेची नैतिकता समिती यांवाचून त्यास परवानगी नाही. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदनासही विद्यापीठ अनुदान आयोगाने टप्प्याटप्प्याने बंदी केली आहे. अकोल्यात पशुवैद्यक विज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे, त्यामुळे सहकार्याचा मार्ग अगदीच बंद नाही, एवढेच म्हणता येईल.

परंतु या विषयातील निम्मे प्रश्न प्राण्याचे नसून हाडाचे व तरंगाचे आहेत. कवटीतून किती ध्वनी आत जातो, नाभी कितपत सरकते आणि स्पंदांची कड गुळगुळीत केल्याने हाडातील श्राव्य कंपन किती कमी होते, हे तिन्ही प्रश्न उंदराशिवाय हाताळता येतात. ध्वनिप्रसाराचे गणन करणारी के-वेव्ह ही मुक्त आज्ञावली लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० साली उपलब्ध करून दिली असून ती साध्या संगणकावरही लहान प्रमाणात चालते. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत काँक्रीट तपासण्यासाठी ध्वनिस्पंदांचे उपकरण असते. त्याची वारंवारता फारच कमी असली तरी पद्धत शिकण्यास ते पुरेसे आहे.

प्रत्यक्ष मापनासाठी खाटकाकडून बोकडाची कवटी मिळविणे अवघड नाही. पाण्याच्या टाकीत समोरासमोर दोन ट्रान्सड्यूसर ठेवून मध्ये हाडाचा तुकडा धरला की झाले. मात्र वाळलेल्या हाडाच्या छिद्रांत हवा असते आणि ती ध्वनी अडविते, म्हणून तुकडा प्रथम पाण्यात बुडवून निर्वात पंपाखाली काही तास ठेवावा लागतो. तसे न केल्यास हाडाचे म्हणून जे शोषण मोजले जाईल, त्यातील मोठा भाग हवेचा असेल. प्रत्येक वाचनाआधी हाड काढून रिकाम्या पाण्याचे वाचन घ्यावे आणि दोन्ही वाचनांसमोर पाण्याचे तापमान लिहावे. निदान आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तरी.